वाजवून घेतलेला कोळसा

१

शनिवारी सकाळी कनका केर काढायला माडीवर गेली आणि सासूबाईंच्या खोलीच्या दारातच थांबली. खिडकीखालचा लांबट चौरंग रिकामा होता. त्याच्यावर भोवतीनं धुळीची कड होती आणि मधे एक स्वच्छ जागा, एका टोकाला मोठा गोल, दुसऱ्या टोकाला लहान. वारलेल्या सासूबाईंची फणसाच्या लाकडाची तंजावरी वीणा तिथून नाहीशी झाली होती.

साल १९५८. मद्रासच्या टी. नगरमधलं हे दुमजली घर कनकाच्या नवऱ्याचं, राजगोपालरावांचं. ते केंद्र सरकारच्या एका कचेरीत अधिकारी होते. दुसऱ्याच दिवशी, रविवारी, दिल्लीचे बडे साहेब त्यांच्याकडे जेवायला यायचे होते आणि ती वीणा त्यांना भेट द्यायचं राजगोपालरावांनी कबूल केलं होतं.

ते माडीवर आले, चौरंग पाहिला, मागच्या लोखंडी जिन्याचं दार पाहिलं आणि खाली येऊन खुर्चीत बसले.

"मागच्या दाराला आतून कडी आहे," ते म्हणाले. "म्हणजे बाहेरचं कोणी आलं नाही. काल सकाळी मी स्वतः वीणा पुसली. दुपारी मी कचेरीत, तू मुलांना घेऊन मैलापूरच्या देवळात, तुझा भाऊ सिनेमाला. घरात उरलं कोण?"

"अप्पा," कनका म्हणाली; अप्पा म्हणजे तिचे सासरे. "त्यांच्याजवळ पेपर वाचायला येतात ते नारायणस्वामी. आणि खाली अलमेलूअक्का."

"अप्पांना दिसत नाही, पण शेजारच्या खोलीत उंदीर हलला तरी कळतं. परकं पाऊल आलं असतं तर त्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं. त्यांच्या सवयीचंच पाऊल आलं. ते कोणाचं?"

रोख अलमेलूवर होता. स्वयंपाक करणारी अलमेलू सासूबाईंबरोबर तंजावरहून या घरात आली होती. राजगोपालरावांना तिनं मांडीवर घेऊन भरवलेलं होतं.

तासाभरात अलमेलूची पत्र्याची पेटी दारात येऊन पडली. संध्याकाळी राजगोपालरावांच्या ओळखीचे पोलीस इन्स्पेक्टर यायचे होते. तोपर्यंत वीणा कुठे आहे ते सांगायचं, नाहीतर त्यांच्याबरोबर जायचं.

"आणि अप्पांना यातलं अक्षर कळता कामा नये," राजगोपालरावांनी बजावलं. "त्यांच्या हृदयाला धक्का सोसणार नाही, डॉक्टर सांगून गेलेत. अलमेलूला ताप आलाय म्हणा."

कनकानं पदर खोचला आणि ती मागच्या दारानं थेट शेजारी गेली.

२

शेजारी विद्युलताबाई राहत. त्या मूळच्या नागपूरच्या; यजमानांच्या रेल्वेच्या नोकरीमुळे मद्रासला आल्या आणि इथल्याच एका शाळेत शास्त्र शिकवून निवृत्त झाल्या. शनिवारी गल्लीतली मुलं त्यांच्या ओट्यावर जमत. त्या दिवशी त्यांनी एका मुलीला मेणबत्तीवर बशी धरायला लावली होती.

"काळं काय जमलं ते घरी विचार करून या," असं सांगून त्यांनी मुलांना सोडलं आणि कनकाचं सगळं ऐकून घेतलं. मधे एकदाही बोलल्या नाहीत. मुलांचं चुकीचं उत्तरही त्या तसंच शेवटपर्यंत ऐकत.

दोघी राजगोपालरावांकडे आल्या तेव्हा अलमेलू स्वयंपाकघरात पाटावर बसली होती. समोर विझलेला अडुप्पु, म्हणजे चूल.

"मी कशाला नेऊ ओ वीणा?" ती म्हणाली. "मला काय वाजवतां येती? बाईंच्या हाताखाली चाळीस वर्सं पुसली तेवढी."

"काल दुपारी काय काय झालं, मला सांगा. लहानसहानही सोडू नका."

"काय हुणार? अप्पांच्या गुडगुडीची चिलीम भरून वर दिली. स्वामी आले, पेपर काखेत. मग गुडगुड सुरू झाली, ती सांजेपर्यंत. मधे एकदा वरून करी मागितली, ती जिन्यावर ठेवून आलें. बाकी मी अडुप्पापासून हललें नाही."

विद्युलताबाईंनी मान डोलावली. मद्रासला भाजीला करी म्हणतात हे त्यांना ठाऊक होतं. दुपारच्या खाण्याबरोबर वाटीभर भाजी गेली असेल.

"वर कोणी चाललं, बोललं, काही ऐकू आलं?"

"नाही." अलमेलू म्हणाली. "स्वामींचा पेपरही नाही ऐकला. रोज ते मोठ्यानं वाचतात, अप्पा मधेमधे हसतात. काल नुसती गुडगुड."

कनकाचा भाऊ गजेंद्र नोकरी शोधायला मद्रासला आला होता आणि माडीवरच्याच पुढच्या खोलीत राहत होता. तो दारात टेकून ऐकत होता. अंगात कडक इस्त्रीचा सदरा.

"मला का नाही विचारत, बाई? मीपण गरीब आहे, बेकार आहे. चोराला लागतं ते सगळं आहे माझ्याकडे."

"वीणा तुझ्याकडे असती तर तू ती कुठे नेली असतीस?"

"न्यायची कशाला? उशाला घेऊन झोपलो असतो. सिनेमाचं अर्धं तिकीट दाखवू? जेवल्यावर गेलो तो दिवे लागल्यावर आलो. चित्रपट भिकार होता, ती शिक्षा पुरे."

"सदऱ्याला इस्त्री कधी केलीस?"

"काल सकाळी. माझ्या खोलीत कोळशाची इस्त्री आहे. का? सुरकुती राहिली?"

बाई हसल्या आणि जिन्याकडे वळल्या. कनका घाबरली. "अप्पांना विचारणार?"

"वीणेचं नाही विचारत. मुलांना पुढच्या शनिवारी कोळसा शिकवायचाय. तेवढंच विचारते."

३

अप्पांचे, म्हणजे चंद्रमौळीरावांचे, आजोबा तंजावरच्या राजवाड्यात चाकरीला होते. तिथून या घरात दोन गोष्टी आल्या: मराठी बोली आणि गुडगुडी. दृष्टी गेल्यावर अप्पांचं बाकी सगळं सुटलं, पण दुपारची गुडगुडी राहिली.

"या, मास्तरीणबाई," ते पावलावरूनच म्हणाले. "अलमेलूला ताप आहे म्हणे. बघितलंत कां तिला? मिऱ्याचा कषाय उकळून द्या म्हणावं. दुसऱ्याला देईल, स्वतः नाही घ्यायची."

बाईंनी कोळशाचं काढलं. अप्पांचा चेहरा खुलला. त्यांनी पायाशी ठेवलेल्या परडीतून हातानं चाचपून काही तुकडे काढले.

"करवंटी जून नारळाची पाहिजे. शहाळ्याची कामाची नाही, तिच्यात जीव नसतो. वरचा काथ्या पार खरवडायचा. एक केस राहिला तरी धूर होतो आणि तोंडात काथ्या जाळल्याची चव येती. मग भाजायची, ती सगळी भाजली पाहिजे. अर्धी कच्ची राहिली की डोकं धरतं."

"ते तुम्हाला कसं कळतं?"

"ऐका."

त्यांनी दोन तुकडे एकमेकांवर आपटले. खण्! भाजक्या मातीच्या परळाचे तुकडे वाजावेत तसा आवाज आला. मग तिसरा तुकडा घेतला. थप्.

"हा ओला, नाहीतर कच्चा. याला चिलमीवर जागा नाही. आता हे बोटानं घासा. फार काळं लागलं तर ठिसूळ, लवकर राख हुतो. चांगला तुकडा शेवटपर्यंत आपला बाक सोडत नाही, आणि राख पांढरी, चिमूटभर."

"आणि लाकडाचा कोळसा?"

"सुरूच्या लाकडाचा? तो अडुप्पात घाला. तडतडतो, ठिणग्या उडवतो, गुडाखू तंबाखूचा वास घालवतो. प्रत्येक तुकडा मी वाजवून घेतों, बाई. लाकडाचा हाताला लागला तर चिमट्यानं खिडकीतून फेकतों." मग त्यांनी हात वर केला. "मुलांना हेही सांगा की खिडकी उघडी पाहिजे. करवंटीचा असो की लाकडाचा, दार-खिडकी लावली की कुठलाही कोळसा माणूस मारतो. आणि कोळसा शिकवा, ओढायला शिकवू नका."

बाई हसल्या, पण त्यांचे डोळे गुडगुडीवर होते. अलमेलू सकाळपासून वर आली नव्हती. कालची चिलीम तशीच होती. तळाशी चिमूटभर पांढरी राख, आणि तिच्यावर करड्या राखेचा ढीग. ढिगात अर्धवट जळालेला एक तुकडा होता. सरळ, चपटा. त्याच्या कापलेल्या टोकावर झाडाच्या खोडाला असतात तशी वलयं दिसत होती. खालच्या चटईवर डाळीएवढी चार-पाच काळी भोकं पडली होती.

"काल कोळसा कोणता होता, अप्पा?"

"करवंटीचा. दुसरा मी ओढीतच नाही."

"आणि स्वामींनी पेपरात काय वाचलं?"

अप्पांनी हातातला तुकडा उगाच फिरवला.

"नेहमीचंच," ते म्हणाले. "पाऊस, क्रिकेट."

४

जिना उतरताना बाईंना एवढं कळलं होतं की कालची चिलीम दोनदा भरली गेली, आणि दुसऱ्यांदा लाकडाच्या कोळशानं. पण वाजवल्याशिवाय तुकडा न घेणाऱ्या माणसानं ती ओढली कशी?

"काल शुक्रवार ना," कनका म्हणाली. "आम्ही सगळ्या न्हालो, केसांना सांब्राणीच्या उदाचा धूर दिला. करवंटीचा कोळसा त्यात संपला असेल. अक्कानं वर लाकडाचा दिला असेल."

बाईंनी स्वयंपाकघरातला कोळशाचा डबा उघडून पाहिला. करवंटीच्या काळ्या बाकदार तुकड्यांनी तो जवळजवळ काठोकाठ भरला होता.

राजगोपालराव मागे येऊन उभे होते. "म्हणजे संपला नव्हता. मग लाकडाचा कोळसा वर गेला कसा? कोणी नेला? अलमेलू म्हणते मी अडुप्पापासून हलले नाही. आता खोटं कोण बोलतंय?"

अलमेलूनं मान वर केली नाही. बाई मदत करायला आल्या होत्या आणि एका बाईच्या गळ्यातला फास त्यांनी आणखी आवळला होता. त्या बाहेर ओट्यावर जाऊन बसल्या.

ऊन डोक्यावर आलं. कोपऱ्यावरून एक हातगाडी खडखडत येत होती. गाडीवाल्यानं हात कानाशी नेला आणि लांब हेल काढला:

"करीऽऽये! अडुप्पुक्करीऽऽ!"

बाईंनी गाडीकडे पाहिलं. गाडीवर भाजी नव्हती. पोती होती, काळी.

त्या ताडकन उठल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या.

"अलमेलूबाई, काल वरून मागितली ती करी म्हणजे काय?"

अलमेलू त्यांच्याकडे बघतच राहिली. "करी म्हणजे करी ओ. निखारे. तुमच्यात काय म्हणतात? कोळसा."

"अगं बाई! मी भाजी समजले."

"ती वेगळी करी," अलमेलू म्हणाली, आणि त्या सगळ्या दुःखातही तिच्या ओठाचा कोपरा हलला. "इतकी वर्सं मद्रासला राहून!"

"तर तुम्ही लाकडाचे निखारे दिलेत. करवंटीचे का नाही?"

"अप्पांना पाहिजे असते तर अप्पा 'करवंटी' म्हणतात. या घरात त्यांनी गुडगुडीला कधी करी मागितली नाही. करी मागतो तो गजेंद्र, त्याच्या इस्त्रीला. म्हणून चुलीतले निखारे तव्यात घालून जिन्याच्या वरच्या पायरीवर ठेवले आणि फिरलें. आवाजपण घोगरा हुता, खोकत हुता. म्हटलं, विडी ओढून आला असेल."

दारातून गजेंद्र म्हणाला, "मी तेव्हा सिनेमाला होतो, अक्का." मग जरा वेळानं: "आणि विडीचं ताईला सांगायची काही गरज होती का?"

बाई त्याच्याकडे वळल्या. "तू नव्हतास. अप्पा करी म्हणत नाहीत. मग हाक कोणी मारली?"

कोणी उत्तर देण्याआधी फाटक वाजलं. रोजच्यासारखे नारायणस्वामी आले होते, काखेत पेपर, खांद्यावर अंगवस्त्र. त्यांनी बाईंना नमस्कार केला. बोलायला तोंड उघडलं, तर आधी खोकलाच आला.

५

"स्वामी, बसा," बाई तमिळमध्ये म्हणाल्या. "घसा बसलाय तुमचा."

"हवा बदलली," स्वामी घोगऱ्या आवाजात म्हणाले. निवृत्त स्टेशनमास्तर; उभ्या आयुष्यात सुपारीसुद्धा न खाल्लेला माणूस.

"मी तुम्हाला काही विचारणार नाही. तुम्ही कोणाला तरी शब्द दिला असेल, तो मोडू नका. मी सांगते ते फक्त ऐका. राजगोपालराव, तुम्हीपण या."

सगळे ओट्यावर जमले. बाई मुलांना सांगत तशा, एकेक पायरी थांबून सांगू लागल्या.

"काल दुपारभर गुडगुडी वाजत होती, म्हणून आपण सगळे धरून चाललो की अप्पा खोलीत होते. पण गुडगुडी वाजली एवढंच खरं. कोण ओढतंय ते आवाजावरून कळत नाही. रोज वर दोन आवाज असतात, एक गुडगुडीचा आणि एक पेपर वाचण्याचा. काल एकच होता. का? कारण माणसाच्या तोंडात नळी असली की त्याला पेपर वाचता येत नाही."

स्वामींनी अंगवस्त्रानं कपाळ पुसलं.

"पहिली चिलीम करवंटीची होती. ती संपली. परडीतला कोळसा थंड, म्हणून ओढणाऱ्यानं जिन्यावरून निखारे मागितले. तो तमिळ माणूस, त्यानं आपल्या भाषेत 'करी' म्हटलं. या घरात गुडगुडीच्या कोळशाचं नाव मराठी आहे आणि चुलीच्या कोळशाचं तमिळ, हे त्याला माहीत नव्हतं. त्याला चुलीचे निखारे मिळाले, आणि दोन्हींतला फरकही त्याला कळेना. त्यानं ते चिलमीवर ठेवले. ठिणग्यांनी चटई जळाली. अप्पा तिथे असते तर त्यांनी ते निखारे खिडकीतून फेकले असते. म्हणजे अप्पा त्या वेळी खोलीत नव्हते."

"अप्पा? कुठे जाणार ते?" राजगोपालराव म्हणाले. "त्यांना दिसत नाही!"

"मागच्या लोखंडी जिन्यानं. त्यांच्यामागे आतून कडी लावली, आणि ते परत आल्यावर ती काढली, अशा माणसानं जो तेवढ्यासाठीच वर थांबला होता. वीणा कुठे गेली ते मला ठाऊक नाही. पण जिला विचारायचं ती ही बाई नाही."

स्वामी गोंधळून इकडेतिकडे बघत होते. "हिला? हिला काय विचारायचं?"

बाईंनी दारातल्या पेटीकडे बोट केलं. "संध्याकाळी पोलीस येणार आहेत."

स्वामींनी पेटी पाहिली, भिंतीशी उभी असलेली अलमेलू पाहिली. "अय्यो," एवढंच म्हणाले. पेपर ओट्यावर टाकला, चपला काढायलाही विसरले आणि खोकत खोकत जिना चढून गेले.

थोड्या वेळानं जिन्यावर काठी वाजली. अप्पा कित्येक महिन्यांत खाली उतरले नव्हते. कनका धरायला धावली; त्यांनी हात झटकला.

"राजगोपाल, पेटी कुठे आहे तिची?"

"अप्पा, तुम्ही बसा. डॉक्टरांनी..."

"डॉक्टरनं मला धक्का देऊ नको म्हणून सांगितलं. मला माणसांतून उठव म्हणून नाही सांगितलं." त्यांनी काठी जमिनीवर आपटली. "वीणा मी दिली. तुळसीला. तुझ्या आईची शिष्या, पश्चिम मांबळमची. शेवटच्या दुखण्यात तुझ्या आईनं तिचा हात धरून म्हटलं, वीणा तुझी. मी ऐकलंय. तुला दोनदा सांगितलं. तू काय म्हणालास? 'बघू, अप्पा.' आंधळ्याला 'बघू' म्हणतोस!"

राजगोपालराव खाली बघत राहिले.

"तुझ्याशी भांडायला बळ नव्हतं. म्हणून आपल्याच घरातून चोरासारखा गेलों, सायकलरिक्षात, वीणा मांडीवर घेऊन. लगेच परतणार हुतों. पण तिनं तारा लावल्या आणि वाजवायला बसली. मग मला उठवेना. हा बिचारा इकडे धूर गिळत बसला. तू विचारशील तेव्हा सांगेन म्हटलं. तू विचारलंच नाहीस. चोर शोधायला घर पालथं घातलंस आणि बापाला विचारलं नाहीस."

"मला वाटलं, तुम्हाला त्रास..."

"हिला झाला त्याचं काय?" अप्पांनी काठी भिंतीच्या दिशेनं केली. अलमेलू नेमकी तिथेच होती. तिचा श्वास त्यांना ऐकू येत असणार.

मग राजगोपालराव उठले, दारापर्यंत गेले आणि पेटी त्यांनी स्वतः उचलली. गजेंद्र हात लावायला गेला, त्याला त्यांनी मानेनंच नको म्हटलं. अलमेलूसमोर आल्यावर ते थांबले.

"अक्का..."

"आधी आत ठेव," अलमेलू म्हणाली. "कोपऱ्यात हुती तिथंच. आणि मग इकडे येऊन माझ्यासमोर बस. मला बोलायचंय तुझ्याशी. आज नाही बोललें तर घशात राहील."

स्वयंपाकघराचं दार बराच वेळ लोटलेलं होतं. आत काय बोलणं झालं ते कोणी विचारलं नाही. राजगोपालराव बाहेर आले ते फाटकापाशी इन्स्पेक्टरची वाट बघत उभे राहिले; त्यांना परत पाठवायचं काम त्यांनी दुसऱ्या कोणावर टाकलं नाही.

"आता उद्या साहेबांना काय द्यायचं?" कनकानं हळूच विचारलं.

"करवंटीचा कोळसा द्या," गजेंद्र म्हणाला. "वाजवून."

उन्हं कलल्यावर माडीवर पुन्हा सगळे जागेवर होते. स्वामींनी पेपर उघडला होता आणि मिऱ्याचा कषाय घेत ते घसा साफ करत होते. अलमेलू परडी घेऊन वर आली. अप्पांनी सवयीनं हात पुढे केला, मग तो अर्ध्यावरच थांबवला.

"राहू दे," ते म्हणाले. "तूच ठेव चिलमीवर. मी नाही वाजवीत आज."

"वा!" अलमेलू त्यांच्या कानाशी वाकली आणि दोन तुकडे तिनं एकमेकांवर आपटले. खण्! "ऐकून घ्या नीट. नाहीतर उद्या म्हणाल, अलमेलूनं करी दिली."